हेल्मेटवरचे दोन तास

पहाटे सव्वापाचला अणुवीज केंद्राच्या नियंत्रित क्षेत्रातून बाहेर पडायच्या दारातला, अंगावरचं किरणोत्सारी दूषण मोजणारा मॉनिटर वाजला. आत एक वेल्डर उभा होता. रात्रपाळी संपवून निघालेला, डोळे तारवटलेले. मॉनिटरच्या पडद्यावर माणसाची आकृती येते, तिचं डोकं आणि दोन्ही खांदे लाल झाले होते. तळहात स्वच्छ, तळपाय स्वच्छ. तो जागचा हलला नाही. मान वळवून माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, आज मी एकाही पाइपला हात लावलेला नाही. परमिट येईना म्हणून तीन तास खाली पंपांच्या तळघरात नुसता बसून होतो."

त्याच्या या सांगण्यात निम्मं उत्तर होतं. उरलेलं निम्मं मोजूनच मिळणार होतं आणि त्याला दोन तास लागणार होते. ही पोस्ट त्या दोन तासांबद्दल आहे.

अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग संरक्षणाचं काम करायला लागून मला आता अठरा वर्षं झाली. आमच्या विभागात नवी मुलं येतात तेव्हा पहिल्या आठवड्यातच एक शब्द शिकतात : रेडॉन, म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू. मॉनिटर वाजला, माणसाने तर काही केलेलं नाही, मग कुणीतरी अनुभवी खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "रेडॉन आहे रे, थांबव अर्धा तास, सोड." बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. माझी काळजी आहे ती या सवयीची. रेडॉन हा तपासाअंती काढायचा निष्कर्ष आहे आणि तो प्रत्येक वेळी नव्याने काढावा लागतो.

आधी हा पाहुणा येतो कुठून ते सांगते. जमिनीत, खडकात, काँक्रीटमधल्या खडीत थोडंफार युरेनियम असतंच. ते क्षय पावत पावत रेडियम-२२६ होतं आणि रेडियमपासून रेडॉन-२२२ तयार होतो. त्या अख्ख्या साखळीत वायुरूप असलेला तो एकटाच, त्यामुळे जमिनीच्या भेगांतून बाहेर पडतो. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा वेळ, ३.८ दिवसांचं. उघड्या हवेत तो पातळ होऊन जातो, घनमीटरला साधारण दहा बेकरेलच्या आसपास (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल). बंद तळघरात, बोगद्यात, पंखा बंद असलेल्या खोलीत मात्र साचत राहतो.

रेडॉन स्वतः कुणाच्या कपड्यांना चिकटत नाही. तो निष्क्रिय वायू, श्वासातून आत जातो तसा बाहेरही पडतो. चिकटतात ती त्याची अपत्यं, म्हणजे तो फुटल्यावर एकातून एक होत जाणारे अणू. पहिलं पोलोनियम-२१८, तीन मिनिटांचं. त्याचं शिसं-२१४, जवळजवळ २७ मिनिटांचं. मग बिस्मथ-२१४, २० मिनिटांचं. आणि शेवटी पोलोनियम-२१४, जे सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतक्या वेळात, १६४ मायक्रोसेकंदांत, निम्मं होतं. त्यानंतरचं शिसं-२१० बावीस वर्षांच्या अर्धायुष्याचं, म्हणजे आमच्या यंत्रांच्या दृष्टीने गप्पच. हे सगळे घन धातू आहेत. रेडॉनचा अणू फुटताना अल्फा कण एका बाजूला जातो, उरलेला अणू दुसऱ्या बाजूला झटका खातो, आणि त्या झटक्यात त्याचे इलेक्ट्रॉन सुटतात. त्यामुळे जन्मतः बहुतेक अपत्यं धनभारित असतात.

आता पॉलिएस्टरचं जॅकेट किंवा प्लास्टिकचं हेल्मेट डोळ्यासमोर आणा. दिवसभराच्या घासाघाशीने त्यावर ऋण स्थिर विद्युतभार जमलेला असतो. हवा कोरडी असेल तर तो लवकर निघून जात नाही. धनभारित अपत्यं आणि असे ऋणभारित पृष्ठभाग एकत्र आले की काय होणार हे उघड आहे. माणूस शांत बसून असतो आणि त्याचं हेल्मेट खोलीतल्या हवेतून किरणोत्सारी अणू गोळा करत असतं. म्हणून आकृतीत डोकं आणि खांदे लाल होतात, आणि ज्याने खरोखर दूषित जागी हात घातला असेल त्याचे तळहात, गुडघे, बुटांचे तळ लाल होतात. हा आकार बघायला मी प्रत्येक नव्या मुलाला शिकवते. पण आकार हा फक्त इशारा आहे. दूषित पाइपाखालून वाकून गेलेल्याचंही हेल्मेटच आधी दूषित होतं.

तर त्या वेल्डरकडे परत येते. त्याला आत बाजूच्या खोलीत घेतलं, हेल्मेट काढून टेबलावर उलटं न ठेवता सुलटं ठेवलं आणि पॅनकेक प्रोब फिरवला. पॅनकेक म्हणजे चपट्या गोल डबीसारखा गायगर प्रोब, त्याच्या तोंडाला अभ्रकाचा इतका पातळ पडदा असतो की अल्फाही आत शिरतो. खोलीचं बॅकग्राउंड, म्हणजे काही न मोजता नुसत्या खोलीत प्रोबला मिळणारा आकडा, मिनिटाला ५० काउंट होतं. हेल्मेटच्या माथ्यावर ७००. एकसारखे ७००, पुढे, मागे, कडेला थोडे कमी. एका जागी टोचल्यासारखा उंच आकडा कुठेही नाही. केंद्रातल्या किरणोत्सारी कोबाल्टचा कण असता तर प्रोब एका ठिकाणी किंचाळला असता आणि दोन बोटं बाजूला सरकवला की गप्प झाला असता.

मग एक साधा कागद मधे धरला. आकडा झटकन खाली आला. कागदाने अडवलं ते अल्फा, हे शाळेतल्या पुस्तकातलं वाक्य, पण पहाटे साडेपाचला ते हाताला जाणवतं तेव्हा फार बरं वाटतं. खात्रीसाठी फक्त अल्फा मोजणारा झिंक सल्फाइडचा प्रोब हेल्मेटला जवळजवळ टेकवून धरला. तोही टकटकत होता.

त्यानंतर वाट बघणं. पाच वीसला ७०० होते. पाच पन्नासला ४५०. माझ्याबरोबरचा शिकाऊ मुलगा इथे अस्वस्थ झाला, कारण त्याने ऐकलं होतं की अर्ध्या तासात निम्मं होतं. बॅकग्राउंड वजा केलं तर ६५० चे ४०० झाले होते, निम्मे नाही. त्याला कागदावर मांडून दाखवलं : शिसं कमी होतं तेव्हा त्याचंच बिस्मथ होत असतं, आणि शिशासारखंच बिस्मथही बीटा, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन, सोडतं; प्रोब तेही मोजतो. वडील जातात तोवर मुलगा कमावता झालेला असतो, म्हणून घराचं उत्पन्न सुरुवातीला हळू घटतं. थर अगदी ताजा असेल तर पहिली दहा मिनिटं बीटाचा आकडा जवळजवळ हलतही नाही. सहा वीसला २७० झाले. सहा पन्नासला १६५. सात वीसला ११०. आता प्रत्येक अर्ध्या तासाला निव्वळ आकडा जेमतेम निम्मा होत होता, जसा व्हायला हवा. अल्फा प्रोबचा आकडाही त्याच चालीने उतरत गेला.

माणसाला अर्थात दोन तास ताटकळत ठेवलं नव्हतं. त्याचं पॉलिएस्टरचं जॅकेट काढून पिशवीत घातलं, वेळ लिहून चिठ्ठी लावली, त्याला सुती कपडे दिले. केसांवर थोडा आकडा होता, तो ओल्या पंचाने पुसून आणि चाळीस मिनिटं थांबून मर्यादेखाली आला. पुन्हा मॉनिटरमध्ये उभा राहिला, हिरवा दिवा लागला. हेल्मेट मात्र ठेवून घेतलं.

रेडॉन आणि अणुवीज केंद्र यांची गाठ जगाला कळली ती १९८४ च्या डिसेंबरमध्ये. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात लिमरिक इथल्या नव्या केंद्रात स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंता होते. केंद्रातून वीज यायची होती अजून. तरी ते मॉनिटरमधून जाताना अलार्म वाजायचा. शोधाशोध झाली, आत काही सापडेना. शेवटी एका सकाळी ते कामाला आले आणि आत न जाता थेट बाहेर पडायच्या मॉनिटरमध्ये उभे राहिले. अलार्म वाजला. म्हणजे ते दूषण बरोबर घेऊन येत होते. त्यांच्या घरातल्या हवेत लिटरला सुमारे २७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला, आपल्या एककात घनमीटरला एक लाख बेकरेल. अमेरिकेत आज ज्या पातळीला घरात दुरुस्ती करा असं सांगतात ती ४ पिकोक्युरी आहे. घरातल्या रेडॉनकडे लोकांचं लक्ष गेलं ते या एका माणसाच्या हट्टी अलार्ममुळे. मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो त्यांनी केलेला प्रयोग. आत न जाता मोजून घेणं. इतकी साधी तुलना, आणि सगळा गोंधळ मिटला.

त्यावरून आमच्याकडे मी आग्रहाने सुरू करवून घेतलेली गोष्ट म्हणजे येतानाची मोजणी. ज्यांना वारंवार अलार्म येतो ते पाळीवर आत जायच्या आधी मॉनिटरमध्ये उभे राहतात. येतानाच आकडा असेल तर तो केंद्रातला नाही. पावसात भिजत आलेल्यांचा असतो कधी कधी : पाऊस हवेतली अपत्यं धुऊन खाली आणतो, छत्री, रेनकोट, बुटांचे तळ यांवर ती असतात. पाऊस सुरू झाल्यावर बाहेरचं गॅमा बॅकग्राउंडही वर चढतं आणि थांबल्यावर एक-दोन तासांत उतरतं. मॉनिटर रिकामा असताना स्वतःचं बॅकग्राउंड घेत असतो, ते वाढलं की त्याला तितकीच खात्री द्यायला जास्त वेळ मोजावं लागतं, रांग लांबते, माणसं चिडतात. म्हणून आमच्या नोंदवहीत मी हवामानाचा रकाना घातला. पाऊस, वारा, हवेचा दाब. दाब पडला की जमिनीतून रेडॉन जास्त वर येतो, आणि वारा पडलेल्या पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकून राहते तेव्हा तोही अडकतो. वर्षभर नोंदी ठेवल्या आणि पहाटेच्या अलार्मचं कोडं वाचून दाखवावं इतकं स्पष्ट दिसायला लागलं.

आता ती रात्र सांगते जिच्यामुळे मी "रेडॉन आहे, सोड" या वाक्याला घाबरते.

बरीच वर्षं झाली याला. मी तेव्हा दुसऱ्या एका केंद्रात होते. अणुभट्टी चालू होती. रात्री अकराच्या सुमाराला एकाच इमारतीतून आलेल्या तिघांना एकापाठोपाठ अलार्म आला. केस, खांदे, कपडे, तसाच पसरलेला एकसारखा थर. पाळीच्या प्रमुखांनी बघितलं, म्हणाले, "रेडॉनच आहे. वायुवीजन दुपारपासून कमी करून ठेवलंय." वीस मिनिटांनी मोजलं, निम्म्याहून खाली. चाळीस मिनिटांनी जवळपास पावभर. "बघा, उतरतंय." त्यांनी तिघांना सोडलंही असतं. मी तेव्हा नवी होते, पण माझ्या हातात अल्फा प्रोब होता आणि तो गप्प होता. पूर्ण गप्प. कपडे टेकवले, केस टेकवले, एक टकटक नाही. बीटाचे हजारभर काउंट आणि अल्फा शून्य.

रेडॉनच्या थरात असं होऊ शकत नाही. तिथे बिस्मथ-२१४ च्या प्रत्येक बीटामागे लगेच पोलोनियम-२१४ चा अल्फा येतो. अल्फा नाही म्हणजे हे दुसरंच कुणीतरी.

एक शर्ट पिशवीत घालून वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे गॅमा किरण किती येतात याचा आलेख, घ्यायला नेला. जर्मेनियम डिटेक्टरवर दहा मिनिटांत चित्र उभं राहिलं. ३५२ नाही, ६०९ नाही, म्हणजे रेडॉनच्या अपत्यांची ओळखीची शिखरं नाहीत. त्याऐवजी ८९८ आणि १८३६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. रुबिडियम-८८. अर्धायुष्य १८ मिनिटांहून जरा कमी. त्याचा जनक क्रिप्टॉन-८८, इंधनात तयार होणारा वायू, अर्धायुष्य २.८ तास. म्हणजे त्या इमारतीत कुठेतरी शीतकातून, अणुभट्टी थंड ठेवणाऱ्या द्रवातून, वायू बाहेर पडत होता आणि त्याची अपत्यं तिघांच्या अंगावर बसली होती, अगदी रेडॉनची बसतात तशीच, कारण भौतिकशास्त्र तेच आहे. शोध घेतल्यावर एका व्हॉल्व्हच्या पॅकिंगमधून बारीक गळती सापडली. गळती लहान होती, तिघांनाही मिळालेला डोस क्षुल्लक होता. पण ती त्या रात्री सापडली ती वर्णपटामुळे. थांबा-आणि-सोडा पद्धतीने ती सापडली नसती.

आणि रुबिडियम तरी रेडॉनपेक्षा भराभर उतरतो, चाणाक्ष नजरेला फरक दिसतो. त्याचा भाऊबंद सीझियम-१३८ बघा : झेनॉन-१३८ पासून होतो, अर्धायुष्य ३३ मिनिटं. फक्त घड्याळ आणि गायगर प्रोब घेऊन बसलात तर सीझियम-१३८ आणि रेडॉन यांतला फरक सांगता येणार नाही. त्याचं १४३६ चं शिखर बघितलं तर क्षणात कळतं.

म्हणून मी नव्या मुलांना तीन वाक्यं पाठ करायला लावते. अल्फा आहे आणि आकडा रेडॉनच्या चालीने उतरतोय, तर रेडॉन. आकडा उतरतोय पण अल्फा नाही, तर इंधनातल्या वायूची अपत्यं शोधा. अल्फा आहे आणि उतरतच नाही, तर सगळं थांबवा, मला उठवा. या तिसऱ्या प्रकारात प्लुटोनियम, अमेरिसियमसारखे जड अल्फा-उत्सर्जक असू शकतात, कधी काळी इंधनाची नळी फुटलेल्या केंद्रात ते पाइपांच्या आतल्या थरात बसलेले असतात. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षांचं, त्याच्यासाठी अर्धा तास थांबून काही मिळत नाही.

तिसऱ्या प्रकारात एक निरुपद्रवी अपवाद आहे, तो थोरॉनचा. थोरियमच्या साखळीतला हा रेडॉन-२२० स्वतः ५६ सेकंदांचा, पण त्याचं शिसं-२१२ साडेदहा तासांहून थोडं जास्त टिकतं. तासाभरात ते हललेलंच दिसत नाही. अशा वेळी वस्तू पिशवीत बंद करून दुसऱ्या दिवशी मोजायची, वर्णपटात २३९ आणि २६१५ शोधायचे. हवेच्या नमुन्यांच्या फिल्टरनाही म्हणूनच दिवस-दोन दिवस ठेवून परत मोजतात. वेल्डरांच्या हातमोज्यांवर तर खुद्द थोरियमही सापडू शकतं : लाल टोकाच्या टंगस्टन इलेक्ट्रोडमध्ये सुमारे २ टक्के थोरियम ऑक्साइड असतं आणि टोक घासताना त्याची धूळ उडते. ते तर उतरतच नाही. पहाटेच्या त्या वेल्डरचे हातमोजे मी वेगळे मोजले होते ते यासाठी. स्वच्छ निघाले.

वर्णपटाबद्दल एक सावधगिरी. हातात धरायच्या सोडियम आयोडाइडच्या यंत्राला जवळची शिखरं नीट वेगळी करता येत नाहीत. रेडॉनचं ३५२ आणि आयोडीन-१३१ चं ३६४ त्याला एकच टेकडी दिसते. रेडॉनचं ६०९ आणि सीझियम-१३७ चं ६६२ यांतही गल्लत होते, विशेषतः यंत्र तापून त्याचं मापन सरकलं असेल तर. यंत्राच्या पडद्यावर नाव उमटतं म्हणून ते खरं मानायचं नाही, १७६४ चं शिखरही आहे का ते बघायचं. ते असेल तर बिस्मथ-२१४ नक्की. कोबाल्ट-६० मात्र कधी लपत नाही, ११७३ आणि १३३२ अशी जोडी घेऊनच येतो.

आता प्रतिबंधाचं. इथे मला ठाम मतं आहेत.

मॉनिटरची अलार्म मर्यादा वाढवून रेडॉनचा त्रास कमी करायचा, हा सल्ला मी दोनदा ऐकलाय आणि दोन्ही वेळा कडाडून विरोध केलाय. मर्यादा रेडॉनसाठी वाढली की कोबाल्टसाठीही वाढते, यंत्राला दोघांत भेद नाही. काही मॉनिटर अल्फा आणि बीटा वेगळे मोजून त्यांच्या गुणोत्तरावरून रेडॉनचा वाटा वजा करतात. हवेच्या काही मॉनिटरमध्ये बिस्मथचा बीटा आणि पाठोपाठ काहीशे मायक्रोसेकंदांत येणारा पोलोनियमचा अल्फा अशी जोडी पकडून रेडॉन ओळखतात, ती युक्ती मला फार आवडते. पण कपड्यांवर हे गुणोत्तर डळमळीत असतं. हेल्मेटवरचा अल्फा दिसतो, लोकरीसारख्या जाड कापडात घुसलेला दिसत नाही. त्यामुळे वजाबाकी मदतीला असावी, निकाल माणसाने द्यावा.

चिकटपट्टीने किंवा ओल्या फडक्याने पुसून टाकणं हा दुसरा घाईचा उपाय. पुसायला हरकत नाही, माणूस लवकर मोकळा होतो. पण ती पट्टी कचऱ्यात टाकू नका. पुरावा आता तिच्यावर आहे. पिशवीत घाला, वेळ लिहा, तिचाच उतार मोजा. मी कित्येकदा बघितलंय की माणूस स्वच्छ होऊन गेला, पट्टी फेकली, आणि नोंदीत "रेडॉन" लिहिलं. ती नोंद खोटी नसेल, पण खरी आहे हे कुणालाच दाखवता येणार नाही.

कपडे बदलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. नियंत्रित क्षेत्रात आतले कपडे सुतीच असावेत, पॉलिएस्टरची जॅकेटं बाहेर ठेवावीत. हेल्मेट पाळीच्या सुरुवातीला ओलसर फडक्याने किंवा स्थिर विद्युत मारणाऱ्या फवाऱ्याने पुसलं तरी फरक पडतो. थंडीत लोक लोकरीसारखी कृत्रिम जॅकेटं आत घालून येतात, त्या महिन्यांत आमची कटकट सगळ्यात जास्त असते.

आणि मूळ उपाय हवेचा. त्या तळघरातली हवा बाहेर फेकणारा पंखा पट्टा तुटल्यामुळे दोन दिवस बंद होता, हे मला सकाळी आठला कळलं. तक्रार नोंदवलेली होती, पण सुरक्षेशी थेट संबंध नाही म्हणून ती खालच्या रांगेत पडली होती. मी जाऊन ती वर काढायला लावली. कारण हेल्मेटवर बसलेल्या अपत्यांनी त्वचेला काही होत नाही, पण ज्या हवेतून ती हेल्मेटवर बसली तीच हवा तो माणूस तीन तास घेत होता. रेडॉनचा खरा धोका फुप्फुसाला आहे. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या मोठ्या कारणांत त्याचं नाव घेतात. जागतिक आरोग्य संघटना घरांसाठी घनमीटरला १०० बेकरेलची संदर्भ पातळी सुचवते आणि ते शक्य नसेल तिथेही ३०० ओलांडू नका म्हणते. अलार्म वाजवणारं हेल्मेट म्हणजे त्या खोलीच्या हवेचा फुकट मिळालेला नमुना आहे. नुसता त्रास म्हणून तो पुसून टाकला तर खोली तशीच राहते आणि उद्या तिथे दुसरा कुणीतरी परमिटची वाट बघत बसतो.

लोकांशी बोलणं हाही या कामाचाच भाग आहे आणि आमच्या प्रशिक्षणात त्याला फार कमी जागा मिळते. सुती कपडे घालून बसलेल्या त्या वेल्डरने मला खालच्या आवाजात विचारलं होतं, "मॅडम, घरी गेल्यावर लहान मुलगी पळत येते. उचलून घेऊ ना?" अलार्म वाजल्यावर माणसाच्या मनात हाच प्रश्न असतो, आणि आम्ही त्याला काउंट आणि अर्धायुष्य सांगत बसतो. मी त्याला आधी "घ्या, बिनधास्त घ्या" म्हटलं, मग का ते सांगितलं. दर अर्ध्या तासाचा आकडा त्याच्यासमोर मोठ्याने वाचला आणि चिठ्ठीवर लिहिला. तो शेवटच्या दोन मोजण्या बघायला स्वतःहून थांबला. घरी जायची मोकळीक मिळाल्यावरही.

दुसऱ्या रात्री पाळीवर येताना तो आधी आमच्या खोलीत आला. हेल्मेट टेबलावर होतं, चिठ्ठीसकट. मी प्रोब त्याच्याच हातात दिला. मी दाखवला होता तसा त्याने तो माथ्यावरून सावकाश फिरवला, बोटभर अंतर राखून. ४८. ५३. ५०. बाजूच्या भिंतीवर धरून बघितलं, तिथेही तेवढंच. मग चिठ्ठीवरचे आदल्या दिवशीचे पाचही आकडे वरून खाली वाचले, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि दारातून वळून विचारलं, "खालचा पंखा सुरू झाला का?"

"दुपारीच झाला," मी म्हटलं.